शताब्दी प्रदर्शन: नमुना विभागाच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी

आमच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या शताब्दीचा दिवस १५ नोव्हेंबर. त्या दिवशी दालन उघडायचेच आहे, म्हणून बाकीच्या सगळ्या तारखा तिथून मागे मोजल्या. मांडणीला तीन आठवडे. त्याआधी पेट्यांमधल्या रंगाचा नि चिकटद्रव्यांचा वास उडून जायला किमान चार आठवडे. त्याआधी पेट्या बनवणे. आणि बनवण्याआधी साहित्याची चाचणी, जी २८ दिवसांची असते आणि नापास झाल्यास पुन्हा २८ दिवस घेते. थोडक्यात, लाकूड, कापड आणि रंग फेब्रुवारीच्या सुरुवातीला निवडले नाहीत तर पुढचे सगळे कोलमडते. अशा प्रकल्पांत पहिले महिने फलकांच्या रंगसंगतीवर जातात नि पेटीचे लाकूड शेवटी घाईत ठरते. तो क्रम इथे उलटा ठेवला आहे.

पेट्या २४. वरून आलेला आकडा १०० नमुन्यांचा आहे, कारण वर्षे १००. पेट्यांच्या मानाने ७० पुष्कळ होतात. आकडा खुला ठेवला.

निवडीचे नियम:
– ज्या नमुन्यावरून जातीचे पहिले वर्णन झाले ते नामप्रकार नमुने बाहेर काढायचे नाहीत. त्यांचे छायाचित्र किंवा साचा चालेल.
– स्थळ, तारीख आणि संकलक या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या नमुन्याला प्राधान्य.
– मूळ चिठ्ठी नमुन्याशेजारी वाचता येईल अशी मांडायची. शताब्दीच्या प्रदर्शनात देखणा वाघ कुणीही ठेवेल; शंभर वर्षांच्या चिठ्ठ्या फक्त संग्रहालयाकडेच असतात.

१२ जानेवारी

नोंदवही आणि कपाट यांची पडताळणी सुरू. पद्धत: एकाने नोंदवहीतून क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने नमुना शोधायचा, नंतर उलट, कपाटातला नमुना उचलून नोंदवहीत शोधायचा. एकाच दिशेने पडताळले तर वहीत नसलेले नमुने कधीच सापडत नाहीत.

घोळ नेहमीच्याच जागी आहेत. जुन्या काळी दर वर्षी क्रमांक १ पासून सुरू केले जात, त्यामुळे ‘२१४’ या क्रमांकाचे नमुने अनेक. आता क्रमांकाआधी वर्ष लावल्याशिवाय कुठेही नोंद करायची नाही. दुसरा घोळ अधिक वाईट: मधल्या एका काळात चिठ्ठ्या ‘स्वच्छ’ करून पुन्हा लिहिल्या गेल्या आणि मूळ फेकल्या गेल्या. नक्कल करणाऱ्याला न लागलेले अक्षर त्याने अंदाजाने भरले. अशा नमुन्यांना नोंदीत ‘नक्कल-चिठ्ठी’ असा शेरा.

नियम पुन्हा लिहून भिंतीवर लावला: जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी काढायची नाही. नवी तिच्यामागे जोडायची, दुरुस्ती करणाऱ्याचे नाव आणि तारीख घालायची.

२० जानेवारी

पेंढा भरलेले प्राणी आणि पक्ष्यांची कातडी यांची सोमलासाठी (आर्सेनिक) तपासणी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बेकर यांनी सोमलयुक्त साबण तयार केला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कातडी टिकवण्याचा तो सर्रास उपाय होता. म्हणून जुना नमुना विषारी आहे असे धरूनच हात लावायचा. तपासणी हवी ती किती आणि कुठे हे कळण्यासाठी.

हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र वापरले; ते क्ष-किरण टाकून कोणते मूलद्रव्य आहे ते ओळखते. प्रत्येक नमुन्यावर पाच जागा: चोच किंवा तोंडाची कड, डोळ्याभोवती, पोटाची शिवण, पायाचे बूड, आणि आधाराचा लाकडी पाट. इथे एक सापळा आहे. सोमलाची मुख्य रेषा (त्यातून परत येणाऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा) १०.५४ केईव्ही आणि शिशाची १०.५५ केईव्ही, यंत्राला त्या वेगळ्या दिसत नाहीत. जुन्या पाटाच्या रंगात शिसे असले की पडद्यावर ‘सोमल’ म्हणून मोठा आकडा येतो. म्हणून दुय्यम रेषा पाहायच्या: सोमलाची ११.७३, शिशाची १२.६१. दोन्हींपैकी कोणती उमटली आहे ते पाहिल्याशिवाय निकाल लिहायचा नाही.

पिसांच्या मुळाशी पांढरी भुकटी दिसते ती सोमल असेलच असे नाही. चरबीचा थर असतो, कधी नॅफ्थलिन. आणि भुकटी दिसत नाही म्हणून सोमल नाही असेही नाही.

साफसफाई: नायट्राइल हातमोजे, सूक्ष्मकण अडवणारा मुखपट, पूर्ण बाह्यांचा डगला जो या खोलीबाहेर जाणार नाही. मऊ ब्रश पिसांच्या दिशेने, आणि शेजारी हेपा गाळणीचा व्हॅक्यूम, तोंडाला जाळी लावून, म्हणजे सुटे पीस आत जाणार नाही. हवेचा झोत मारून धूळ उडवायला सक्त मनाई. धूळ नमुन्यावरून उडते आणि माणसाच्या छातीत बसते.

२ फेब्रुवारी

पेट्यांच्या साहित्याची ऑडी चाचणी लावली; साहित्यातून सुटणाऱ्या वाफा धातू खराब करतात का ते ती दाखवते. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली सुचवलेली ही चाचणी अजूनही सर्वांत स्वस्त आणि भरवशाची. साहित्याचा २ ग्रॅम तुकडा, चांदी, तांबे आणि शिसे यांच्या घासून स्वच्छ केलेल्या पट्ट्या, थोडे शुद्ध पाणी, सगळे हवाबंद काचनळीत, ६० अंश सेल्सियसला २८ दिवस. सोबत एक नळी कोणतेही साहित्य न घालता. या कोऱ्या नळीतल्या पट्ट्या डागाळल्या तर सगळा घाणा बाद: एकतर नळी स्वच्छ नव्हती किंवा झाकण गळते आहे.

तपासायला दिलेले: एमडीएफ, सागवानी प्लाय, पावडर-कोट केलेला पत्रा, लोकरीचे फेल्ट, न धुतलेले आणि धुतलेले सुती कापड, पाण्यात मिसळणारा रंग, दोन प्रकारचे सिलिकॉन. सिलिकॉनबद्दल निकालाची वाट न पाहताही सांगता येते: लावताना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते अॅसिटिक आम्ल सोडते. ‘न्यूट्रल क्युअर’ असे लिहिलेलेच घ्यायचे.

११ फेब्रुवारी

दालनात जाणाऱ्या सस्तन प्राण्यांना आणि पक्ष्यांना थंडीची प्रक्रिया. शत्रू ओळखीचे आहेत: कार्पेट बीटलच्या केसाळ अळ्या, डर्मेस्टिड भुंगे, कापडाची कसर. वनस्पतिसंग्रहात बिस्किट बीटल आणि सिगारेट बीटल. अळीची टाकलेली कात आणि बारीक भुस्सा ही पहिली खूण. किडा स्वतः क्वचितच दिसतो.

पायऱ्या अशा. नमुना आम्लरहित कागदात सैल गुंडाळायचा, पॉलिथिनच्या पिशवीत घालून जमेल तेवढी हवा काढायची, पिशवी सील करायची. उणे ३० अंशांना किमान तीन दिवस. फ्रीझर उणे २० पर्यंतच जात असेल तर दोन आठवडे. वेळ मोजायची ती नमुन्याच्या आतले तापमान तिथे पोचल्यापासून. भरगच्च भरलेल्या अस्वलाच्या पोटात गारवा पोचायला दीड-दोन दिवस सहज लागतात, म्हणून तापमान-नोंदक नमुन्याच्या शक्य तितक्या आत सरकवून ठेवायचा. तापमान हळूहळू उतरले तर किड्याला थंडीशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. फ्रीझर आधी पूर्ण गार करून मगच नमुने ठेवायचे आणि एका वेळी कोंबायचे नाहीत.

बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. दव पिशवीबाहेर जमू दे. उतावीळपणाने पिशवी उघडली तर तेच पाणी कातडीवर बसते आणि नंतर बुरशी येते.

फ्रीझरमध्ये न जाणारे: हस्तिदंत आणि मोठे सुळे (थर वेगवेगळ्या वेगाने आकसून तडे जातात), मेणाच्या प्रतिकृती, रंगाचे जाड थर असलेले पाट. यांच्यासाठी प्राणवायू काढून घेण्याची पद्धत: हवा न झिरपणारी पिशवी, आत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या, पातळी ०.३ टक्क्याखाली, २५ अंशांना तीन ते चार आठवडे. खोली गार असेल तर कालावधी वाढतो, कारण किड्याचा श्वासोच्छ्वासच मंदावतो.

२ मार्च

ऑडीचा निकाल. एमडीएफच्या नळीत शिशावर पांढरी जाड पूड. प्लायच्याही, जरा कमी. लोकरीच्या फेल्टने चांदी काळी केली, लोकरीतले गंधक. पावडर-कोट पत्रा, धुतलेले सुती कापड आणि न्यूट्रल सिलिकॉन स्वच्छ. न धुतलेल्या कापडाने तांब्यावर डाग दिले, कापडाला दिलेली खळ हे कारण दिसते. कोरी नळी ठीक.

सजावटकारांना पेटीच्या तळाला लाकूडच हवे होते. लाकूड बाहेरून लावा, आतल्या हवेशी त्याचा संबंध येता कामा नये, या अटीवर मान्य. आतले सगळे पावडर-कोट पत्र्याचे.

शिशावरच्या त्या पांढऱ्या पुडीचा संबंध थेट शंखांच्या कपाटाशी आहे. दोन खणांमधल्या कवड्यांची चकाकी गेली आहे आणि वर पांढरे स्फटिक आले आहेत, वासही आंबट. याला बाईनचा रोग म्हणतात, आणि १८९९ साली बाईन यांना तो जिवाणूंमुळे होतो असे वाटले होते. तो रोग नव्हे. ओक किंवा तत्सम लाकडातून सुटणारे अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्ल शंखातल्या चुन्यावर काम करते आणि क्षार बाहेर फुटतात. आधी छायाचित्र, मग शुद्ध पाण्यात धुणे, पाणी अनेकदा बदलणे, पूर्ण वाळवणे, धातूच्या कपाटात हलवणे. चिठ्ठ्या धुण्याआधी बाजूला काढायच्या आणि प्रत्येक चिठ्ठी ज्या शंखाची त्याच्या वाटीला क्रमांक द्यायचा. वीस वाट्या एका ताटात आणि चिठ्ठ्या दुसऱ्या ताटात ठेवल्या, आणि कुणी ताट फिरवले, की संपले. गेलेली चकाकी परत येत नाही, त्यामुळे या खणांतले शंख प्रदर्शनात नाहीत. एक मात्र मुद्दाम ठेवतो आहोत: निरोगी आणि खराब कवडी शेजारी शेजारी.

१९ मार्च

द्रवातले नमुने. बहुतेक बरण्यांत ७० ते ८० टक्के इथेनॉल असायला हवे. डोळ्यांनी द्रव भरलेला दिसतो म्हणून तो ठीक आहे असे नाही. पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडते. त्यामुळे पातळी उतरते तसे उरलेले द्रव पातळही होत जाते. वर्षानुवर्षे ७० टक्क्याचेच भरत राहिले तर बरणी कायम भरलेली दिसते आणि टक्केवारी घसरत राहते. ५० च्या खाली गेले की ते जतन करणारे द्रव राहत नाही.

उदाहरण नोंदवून ठेवतो, कारण हा हिशेब दर वेळी नव्याने करावा लागतो. १० लिटरची बरणी, आत ७ लिटर, मोजणी ५५ टक्के. वर ३ लिटर ७० टक्क्याचे ओतले तर एकूण ५९.५ टक्के. तेच ३ लिटर ९६ टक्क्याचे ओतले तर सुमारे ६७. (मिसळताना घनफळ किंचित आकसते, ते धरलेले नाही.) पण टक्केवारी फारच उतरली असेल तर थेट तीव्र द्रव ओतायचे नाही. मऊ प्राणी एकदम आकसतात. १५ ते २० टक्क्यांच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीत काही दिवस.

मोजणी घनतामापकाने. जुन्या द्रवात उतरलेली चरबी आणि प्रथिने आकडा थोडा बिघडवतात. तपकिरी झालेल्या द्रवाचा आकडा अंदाज म्हणूनच घ्यायचा. त्याआधी बरणीत इथेनॉल आहे की फॉर्मॅलिन हे पट्टीने तपासायचे. ‘१० टक्के फॉर्मॅलिन’ म्हणजे सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. जुने होत जाते तसे त्यात फॉर्मिक आम्ल तयार होते आणि लहान माशांची हाडे विरघळतात. बाहेरून मासा शाबूत, आत सांगाडा नाही. सामू ६ च्या खाली गेलेल्या बरण्या वेगळ्या केल्या.

आतल्या चिठ्ठ्या: पेन्सिल किंवा कार्बन शाई, चिंध्यांपासून बनवलेल्या कागदावर. बॉलपेन विरघळते. लेसर प्रिंटर तर आणखी फसवा: छपाई सुरेख दिसते, मग टोनर कागद सोडतो आणि अक्षरे बरणीच्या तळाशी सुटी पडलेली सापडतात. अलीकडच्या काही बरण्यांत तसे झाले आहे, तर त्यांच्या शेजारच्या शंभर वर्षांपूर्वीच्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या स्वच्छ वाचता येतात. ही जोडी प्रदर्शनात हवीच.

३० मार्च

दालनात बरण्या किती? सत्तर टक्के इथेनॉलच्या वाफा साधारण १७ अंशांनाच पेट घेऊ शकतात, म्हणजे नेहमीच्या खोलीत ते कायम ज्वालाग्राही आहे. बरण्यांची भिंत दिसते छान, मान्य. आठच बरण्या, एकूण द्रव ६ लिटरच्या आत, पेटीला गळती धरणारे तबक, आसपास दिव्यांचे ट्रान्सफॉर्मर नाहीत.

समितीने ही मर्यादा वाढवायला सांगितली. उत्तर म्हणून रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा दाखला दिला. स्थापना १८१८, द्विशताब्दीचे वर्ष २०१८, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरच्या रात्री मुख्य इमारत जळाली. तपासात सुरुवात वातानुकूलन यंत्रापाशी झाल्याचे निष्पन्न झाले. जवळच्या नळखांबांना पुरेसे पाणी नव्हते. वनस्पतिसंग्रह आणि कशेरुकी प्राण्यांचा संग्रह वेगळ्या इमारतीत होता म्हणून वाचला. दिल्लीतले राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयही २६ एप्रिल २०१६ रोजी आगीत गेले. यानंतर आठावरच ठरले.

यातून निघालेली कामे: दालनातल्या सगळ्या तात्पुरत्या वायरिंगची तपासणी; नोंदवह्यांच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र, एक प्रत दुसऱ्या इमारतीत. नोंदवह्यांचे काम खरे तर प्रदर्शनाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. शताब्दीच्या नावाखाली बसवले.

१६ एप्रिल

खनिजे आणि जीवाश्म. मनशीळ (सोमल-गंधकाचे लाल खनिज) प्रकाशाने पिवळ्या भुकटीत बदलते, तेव्हा ती बंद खणातच राहील आणि दालनात छायाचित्र जाईल. हिंगूळ (पारा-गंधकाचे लाल खनिज) काळवंडतो. काही जांभळी स्फटिकेही फिकी पडतात.

सुवर्णमाक्षिकाने (पायराइट, लोह-गंधकाचे खनिज) भरलेल्या अॅमोनाइटांपैकी (गुंडाळ्या शंखांचे जीवाश्म) तिघांवर राखाडी-पिवळी भुकटी. हवेतला ओलावा ६० टक्क्यांवर गेला की सुवर्णमाक्षिकातून गंधकाम्ल आणि फुगणारे क्षार तयार होतात, दगड आतून फुटतो, आणि खालची चिठ्ठी जळल्यासारखी तपकिरी होऊन तुकडे पडते. म्हणून आधी चिठ्ठी वाचवायची, मग दगड. चिठ्ठ्या पारदर्शक पॉलिएस्टर पाकिटात, नमुने सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, ३० टक्क्यांच्या आसपास ओलावा. यांना पाण्याने कधीच धुवायचे नाही.

९ मे

देवमाशाचा सांगाडा. टांगलेला आहे, खाली आणल्याशिवाय काम शक्य नाही. जुने लोखंडी सळे गंजले आहेत. गंज फुगतो आणि मणक्यांना आतून तडे देतो. सळे काढून स्टेनलेस पोलादाचे, हाड आणि धातू यांच्यामध्ये पॉलिथिन फोमची पट्टी. टांगणीच्या प्रत्येक दोराची क्षमता त्यावर येणाऱ्या वजनाच्या पाचपट.

हाडे अजून तेलकट. देवमाशाच्या हाडातून तेल अनेक दशके झिरपते, त्यावर धूळ चिकटून काळा थर बनतो. व्हॅक्यूम, मग इथेनॉल-पाण्याचे बोळे, लहान लहान भागांत. सगळे तेल रसायनाने ओढून काढायचा प्रस्ताव होता, नाकारला. तेल गेले की जुनी हाडे ठिसूळ होतात, आणि हाडाचे रासायनिक विश्लेषण कुणाला करायचे असेल तर तो पुरावाही जातो.

रचना तपासली. शेपटीखालची चिमट्यासारखी हाडे (शेव्हरॉन) उलट्या क्रमाने आहेत, दोन बरगड्यांची डावी-उजवी बाजू बदललेली आहे. मणक्यांमधली जागा फारच कमी ठेवली गेली आहे. जिवंतपणी तिथे कूर्चेच्या जाड चकत्या असतात, त्या धरल्या तर प्राणी बराच लांब होतो. नितंबाची सुटी हाडे सांगाड्यावर नव्हतीच. ती एका खोक्यात वेगळ्या क्रमांकाने सापडली, ‘अज्ञात’ म्हणून. पडताळणी उलट दिशेनेही करायची ती याचसाठी.

तुटलेल्या कडांना पॅरालॉइड बी-७२: भुसभुशीत हाड घट्ट करायला अॅसिटोनमध्ये सुमारे ५ टक्के, जोडायला ५० टक्क्यांच्या आसपास. हे चिकटद्रव्य ४० अंशांना मऊ होऊ लागते, म्हणून जोडाजवळ तापणारा दिवा नको.

६ जून

प्रकाशाचा हिशेब. पिसे, केस, कीटक आणि वनस्पती यांना ५० लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक). पण लक्स किती यापेक्षा एकूण लक्स-तास किती हे महत्त्वाचे. १५० दिवस, रोज ८ तास, ५० लक्स: ६०,००० लक्स-तास. वर्षाकाठी १,५०,००० ची मर्यादा धरली तर हे आटोक्यात आहे.

आता उद्घाटनाच्या चित्रीकरणाचे दिवे. १,००० लक्सचे दिवे ३ तास चालू राहिले तर ३,००० लक्स-तास, म्हणजे प्रदर्शनाचे ६० तास, साडेसात दिवस, एका संध्याकाळी खर्च. चित्रीकरण करणाऱ्यांना हाच आकडा दाखवला. ‘नमुने नाजूक आहेत’ असे सांगून कुणी दिवा बंद करत नाही. ठरले असे: दिवे माणसांवर, पेट्यांवर नाहीत, आणि भाषणांच्या वेळी पक्ष्यांच्या पेट्यांवर पडदे.

रंगांबद्दल एक टीप मजकूर लिहिणाऱ्यांसाठी. पिसाचा निळा रंग बहुधा रंगद्रव्याचा नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेचा असतो, म्हणून तो टिकतो. पोपटाचा हिरवा म्हणजे तो निळा अधिक पिवळे रंगद्रव्य. पिवळे फिके पडले की पोपट निळसर दिसायला लागतो. माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पिसांच्या मुळाशी असणारा गुलाबी रंग तर उन्हात फार लवकर जातो. तेव्हा फलकावर ‘या जातीचा रंग’ म्हणून दालनातल्या जुन्या नमुन्याचे वर्णन करू नये.

३ जुलै

गेंड्याची शिंगे खरी ठेवायची नाहीत. २०१० नंतरच्या काळात युरोपातल्या संग्रहालयांतून शिंगे तोडून नेण्याचे प्रकार वाढले आणि अनेकांनी प्रतिकृती बसवल्या. त्रिमितीय स्कॅन करून रेझिनची प्रतिकृती. साचा काढणे टाळले कारण सिलिकॉन शिंगाच्या तंतूंत शिरते. फलकावर आणि प्रवेशद्वारावरही ‘शिंगे प्रतिकृती आहेत’ असे ठळक. खरी शिंगे या इमारतीत नाहीत.

पक्ष्यांच्या कपाटांची कुलुपेही बदलली. २००९ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, मासेमारीच्या शोभिवंत गळांसाठी लागणाऱ्या पिसांपायी. परत मिळालेल्यांपैकी बऱ्याच पक्ष्यांच्या चिठ्ठ्या कापून टाकलेल्या होत्या. पक्षी परत आला, पण तो कुठला आणि कधीचा हे गेले, आणि संशोधनाला तो जवळपास निरुपयोगी झाला.

१२ ऑगस्ट

फलकांचा मजकूर. पहिल्या मसुद्यात ‘वैभवशाली परंपरा’ तीनदा आले होते. काढले. त्याऐवजी चिठ्ठ्यांमुळे काय कळले ते:

अंडी. डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली बहिरी ससाण्याच्या जुन्या-नव्या अंड्यांची कवचे तुलनेला घेतली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ती पातळ झाल्याचे दाखवले. डीडीटी या कीटकनाशकाच्या वापराशी काळ जुळला. अंड्यांवर तारखा नसत्या तर ही फक्त सुंदर अंडी होती.

काजळी. शिकागोच्या संशोधकांनी २०१७ साली हजाराहून अधिक संग्रहित पक्ष्यांच्या पोटाचा मळकेपणा मोजून अमेरिकेतल्या कोळशाच्या धुराचा १३५ वर्षांचा आलेख काढला. (म्हणून पक्ष्यांची धूळ झाडताना सुट्या धुळीपलीकडे जायचे नाही.)

पाने. वाळवलेल्या पानांवरची रंध्रे मोजून हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तशी ती कमी झाल्याचे १९८७ साली दाखवले गेले.

एका पेटीत चिठ्ठ्यांवर नसलेल्या नावांबद्दल मजकूर. ‘संकलक’ म्हणून साहेबाचे नाव, आणि प्रत्यक्ष पकडणारा, सोलणारा, वाळवणारा माणूस निनावी, हे जगभरच्या संग्रहांत आहे. आल्फ्रेड वॉलेस यांच्या मलय द्वीपसमूहातल्या पक्ष्यांचा मोठा वाटा त्यांचा सहायक अली याने जमवला होता. आमच्या जुन्या पगारपत्रकांत शिकारी आणि चर्मकाम करणाऱ्यांची नावे आहेत. ती क्षेत्रवह्यांच्या तारखांशी जुळवून, जिथे जुळतील तिथे नोंदीत घालणे सुरू आहे.

प्रत्येक फलक ६० शब्दांच्या आत. मूळ चिठ्ठीचे मोठे छायाचित्र आणि खाली आजच्या अक्षरात तिचे वाचन.

१० सप्टेंबर

कीटकांचे खण. जुन्या पितळी टाचण्यांवर हिरवा गंज, तो कीटकाच्या अंगातली चरबी आणि तांबे यांच्या संयोगाने येतो आणि फुगून छाती फोडतो. खूप फुगलेल्यांच्या टाचण्या ओलाव्याच्या डब्यात मऊ करून बदलल्या, बाकीच्यांना हात लावला नाही.

२४ ऑक्टोबर

मांडणी सुरू. अखेर नमुने ८२. पेट्या रिकाम्याच उघड्या ठेवून पाच आठवडे झाले आहेत, वास नाही.

क्रम: आधी जड आणि खालचे, मग आधार, मग हलके, चिठ्ठ्या शेवटी. ओलावा स्थिर ठेवायला सिलिका जेल, दर घनमीटरला २० किलो या जुन्या ठोकताळ्याने, ०.८ घनमीटरच्या पेटीला १६ किलो, ५० टक्क्यांवर स्थिरावलेले. जेल कोरडेच टाकले तर ते उलट कातडीतला ओलावा ओढते आणि शिवणी उकलतात. जेलचा खण बाहेरून उघडता यायला हवा. एका पेटीत तो नमुन्यांच्या खाली बंद झाला होता, पुरवठादाराकडून बदलून घेतला.

प्रत्येक पेटीत निळ्या लोकरीची प्रकाश-पट्टी, अर्धी झाकलेली, म्हणजे उघडी बाजू प्रकाशाने किती फिकी पडली ते कळते. भिंतींच्या कडेला चिकट सापळे, क्रमांक आणि तारीख घालून.

१३ नोव्हेंबर

समारंभाच्या सूचना आयोजकांना दिल्या. ताजी फुले दालनात नाहीत. कार्पेट बीटलचे प्रौढ भुंगे परागावर जगतात आणि फुलांतून आत येतात. खाणेपिणे दालनाबाहेर. गालिचा भाड्याने आणायचा असेल तर आधी तपासणीला. धूर सोडणारी यंत्रे नाहीत. एका वेळी आत १२० माणसे, कारण गर्दीने ओलावा चढतो.

१६ नोव्हेंबर

काल दुपारी ओलावा दालनात ४९ वरून ६१ पर्यंत गेला, पेट्यांच्या आत ५० ते ५२. बरणी ५ ची पातळी २ मिलिमीटर उतरली. झाकणाच्या घासलेल्या कडेला व्हॅसलीन पुन्हा लावले, आठवड्याने पाहायचे. दोन पेट्यांवर मुलांच्या हातांचे ठसे गुडघ्याच्या उंचीवर. चिठ्ठ्यांची छायाचित्रे त्या उंचीवरही लावायला हवीत.

सापळे १ तारखेला आणि १५ तारखेला मोजायचे. १२ आणि १४ क्रमांकाच्या पेट्यांतले पक्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बदलायचे, पर्यायी नमुने तयार आहेत. दालनातून परत येणारा कोणताही नमुना थेट कपाटात जाणार नाही. आधी पिशवी, मग फ्रीझर, २४ तासांनी उघडणे, चिठ्ठी आणि नोंदवही जुळवणे, आणि त्यानंतर त्याचा खण.